नत्तल, नाताळ आणि आईची बादली

(पडदा काळा. नळातून नुसती हवा येतेय, तिचा फसफस आवाज. मागून एका बाईची हाक: "बाल्दिय! बाल्दिय!")

२४ डिसेंबर. दुपारचे तीन वाजलेत. टाकीतलं पाणी संपलंय, शेजाऱ्यांनी विहिरीवरचा पंप चालू केलाय आणि परसातून घरमालकीण आक्का ओरडतायत. काय म्हणतायत ते मला कळत नाही, म्हणून मी मोबाईलवर भाषांतराचं ॲप उघडतोय. तेवढ्यात माझी आई, जिला मराठी सोडून दुसरी भाषा येत नाही, न्हाणीघरातली निळी बादली उचलून परसात पोचलीसुद्धा.

"तुला कसं कळलं गं?"

"आरं बादली म्हणतीया की ती. त्यात कळायचं काय?"

हे घर शिवाजी पेठेतलं नव्हे. कोल्हापूरपासून हजारेक किलोमीटरपेक्षाही लांब, श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नेगोंबो गावातलं. परसात नारळ आहेत, नारळांच्या पलीकडं समुद्र आहे, आणि दारावर कागदी चांदणी लटकतेय. उद्या नाताळ.

(रंकाळ्याचा काठ, डिसेंबरची सकाळ, पाण्यावर धुकं.)

मी कोल्हापुरात लग्नांचे व्हिडिओ करतो. डिसेंबरच्या मध्याला धनुर्मास लागला की मुहूर्त आटतात, आणि संक्रांतीपर्यंत कॅमेरा बहुतेक कपाटात पडून असतो. याच दिवसांत अर्धं कोल्हापूर गाड्या भरून घाट उतरतं. मालवण, वेंगुर्ला, गोवा. समुद्राची आपल्याला भूकच आहे. आपलं पाणी म्हणजे पंचगंगा आणि रंकाळा. रंकाळ्याच्या काठालाही आपण चौपाटी म्हणतो, यावरून काय ते समजा.

आणि तरीही समुद्राचा एक देव आपल्या गावात मुक्कामाला आहे. टाऊन हॉलच्या संग्रहालयात जा. चर्चसारखी टोकदार शिखरं असलेली ही इमारत १८७० च्या दशकातली. आत पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव. १९४० च्या दशकात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर खोदकाम झालं, तेव्हा रोमन व्यापारातल्या इतर वस्तूंबरोबर ती मातीतून वर आली. दोनेक हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ती जहाजातून किनाऱ्यावर उतरवली, बैलाच्या पाठीवर घाट चढवून पंचगंगेकाठी आणली. मी शाळेच्या सहलीत तिच्यासमोरून दहा वेळा गेलोय आणि दहाही वेळा माझं लक्ष शेजारच्या तलवारींकडं होतं.

तर, यंदा आईला विमानात बसवायचं होतं. तिची एकच अट: समुद्र पाहिजे आणि भात पाहिजे. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर खडखडत मुंबई, आणि मुंबईहून अडीच तासांत कोलंबो. म्हणजे परदेश जवळ आणि मुंबई लांब. घड्याळसुद्धा फिरवावं लागलं नाही, दोन्हीकडं वेळ एकच.

आधी किनाऱ्यावरचं एक हॉटेल घेतलं होतं. निघायच्या चार दिवस आधी त्यांचा निरोप आला: २४ तारखेच्या रात्री 'ख्रिसमस गाला डिनर' सक्तीचं, माणशी वेगळे पैसे, जेवा किंवा नका जेवू. सक्तीचा सण मला झेपत नाही. बुकिंग सोडून दिलं, आगाऊ भरलेले पैसे बुडाले, आणि शोधता शोधता आक्कांच्या घरची वरची खोली मिळाली. त्या हॉटेलच्या दारात पुढं मी एक फेरी मारली. माडाच्या झावळ्यांवर कापसाचा बर्फ चिकटवला होता आणि लाल कोटातला सांताक्लॉज घामानं निथळत होता. त्याच्याबद्दल वाईट वाटलं, बुडालेल्या पैशांबद्दल त्यानंतर वाटलं नाही.

'आक्का' हा शब्दही आम्ही नेलेला नाही. पहिल्याच दिवशी त्यांच्या लेकीनं ओळख करून दिली आणि शेजारची पोरं त्यांना 'अक्का' म्हणताना ऐकलं. सिंहलीत थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. आई एकदम सैल झाली. "मग तर झालंच," म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली ती तिथलीच झाली.

(कोळ्यांच्या होड्या. वाळूत पसरलेल्या काथ्याच्या चटया, त्यांवर मासळी वाळतेय. कावळे.)

नेगोंबोला सिंहलीत मीगमुव म्हणतात. कोलंबोच्या उत्तरेला, विमानतळापासून रिक्षानं अर्ध्या तासाच्या आत. बरेच पर्यटक इथं पहिली नाहीतर शेवटची रात्र काढतात आणि गाव न बघताच निघून जातात. गाव कोळ्यांचं. किनाऱ्यावर बाजूला लाकडी ओंडका बांधलेल्या होड्या ओढून ठेवलेल्या, त्यांना ओरुव म्हणतात. मासळीबाजार म्हणजे 'लेल्लम'. त्याच्या शेजारी वाळूवर एवढी मासळी वाळत घातलेली असते की चालायला पायवाट शोधावी लागते. वास? आपल्या आठवड्याच्या बाजारात सुकट-बोंबलाच्या ओळीत शिरल्यावर जो येतो तोच, फक्त शंभरपट.

श्रीलंकेत ख्रिस्ती लोक शंभरात सात-आठ. पण या पट्ट्यात कॅथलिक इतके, की गावाला 'छोटं रोम' म्हणतात. रविवारी होड्या समुद्रात जात नाहीत. पोर्तुगीज १५०५ साली या बेटावर आले, त्यांच्याकडून डचांनी नेगोंबो घेतलं, नंतर इंग्रज आले. डचांच्या किल्ल्याच्या दारावर १६७८ हे साल अजून दिसतं. दारातून आत मात्र जाता येत नाही, कारण किल्ल्यात आता तुरुंग आहे. मी कॅमेरा वर केला आणि पहारेकऱ्यानं बोटानंच खाली करायला लावला. बादलीसारखा तुरुंग हा शब्दही पोर्तुगिजांचाच, 'ट्रोंको'वरून आलेला, असं म्हणतात. हे मला त्या दारात उभं असताना माहीत असतं तर त्या पहारेकऱ्याला सांगितलं असतं. बरं झालं, माहीत नव्हतं.

(व्हरांडा. वहीचं पान, दोन रकाने. पेन्सिलीनं लिहिणारा हात.)

बादलीच्या त्या प्रकारानंतर एक खेळच सुरू झाला. आक्कांची लेक कॉलेजात शिकते, तिला इंग्रजी येतं, मलाही कामापुरतं येतं. तिनं वहीत दोन रकाने आखले. ती घरातल्या वस्तूवर बोट ठेवणार, सिंहली शब्द सांगणार, आणि आई मराठी शब्द सांगणार.

अल्मारिय. अलमारी. मेसय. मेज. कजु. काजू. अन्नासि. अननस. सबन्. साबण. साबणाबद्दल पंडितांचं भांडण आहे, कुणी तो अरबांकडून आला म्हणतात, कुणी पोर्तुगिजांकडून. आईला त्याचं काही नव्हतं, ती गुण मोजत होती.

मग त्या पोरीनं दारातल्या बुटांवर बोट ठेवलं: सपत्तु.

मी अडलो. बूट, चप्पल, पायताण, काहीच जुळेना. आई म्हणाली, "सपाता. माझ्या आज्याच्या सपाता असायच्या की. फेटा आणि सपाता घातल्याशिवाय म्हातारा बाजारला जायचा न्हाई." चपलांच्या गावचा माणूस मी, आणि हा शब्द मी विसरून गेलो होतो.

फजिती झाली बटाट्यापाशी. आईला सकाळी भाजी करून आक्कांना खाऊ घालायची होती. "बटाटा," ती हातानं गोल करून म्हणाली. आक्का आनंदानं मान हलवत बाजारात गेल्या आणि दोन किलो रताळी घेऊन आल्या. बतल! सिंहलीत बतल म्हणजे रताळं. आई पिशवीत बघून म्हणाली, "आज काय एकादशी हाय व्हय?"

नंतर शोधून पाहिलं तर चूक आमचीच निघाली. अमेरिकेकडच्या बेटांवर 'बताता' म्हणजे मुळात रताळंच. तोच शब्द पोर्तुगिजांच्या तोंडी बसला, आणि पुढं दुसरा कंद आला तेव्हा आपण रताळ्याचं नाव त्याला देऊन टाकलं. सिंहली माणसानं जुनी खूण सोडली नाही. त्या दिवशी आम्ही उकडलेली रताळी खाल्ली, खोबरं घालून.

वहीच्या शेवटी त्या पोरीनं एक शब्द मोठ्या अक्षरांत लिहिला आणि मला वाचून दाखवला: नत्तल.

नत्तल म्हणजे ख्रिसमस. पोर्तुगिजांचा 'नताल', म्हणजे जन्माचा दिवस. तो गोव्यावरून घाट चढून आपल्याकडं आला, नाताळ झाला, आणि आपल्या कॅलेंडरात बसला. कोल्हापुरात ख्रिस्ती मिशनचं काम सुरू केलं ते अमेरिकन पाद्री वायल्डर यांनी, १८५२ साली. ते इंग्रजी बोलणारे. पण सणाचं नाव त्यांच्या आधीच येऊन बसलं होतं. आमच्या गल्लीतल्या ख्रिस्ती बाई दरवर्षी ताटावर रुमाल झाकून करंज्या आणायच्या. आई म्हणायची, "नाताळचा फराळ आला." हा शब्द परदेशी असेल असं त्या घरात कुणाच्या मनात आलं नाही.

आणखी एक माणूस या वाटेनं आलाय. जोसेफ वाझ. गोव्यात बाणावलीला १६५१ साली जन्मलेला, घरी कोंकणी बोलणारा पाद्री. डचांच्या राजवटीत इथं कॅथलिकांवर बंदी होती, पाद्री उरले नव्हते. हा माणूस १६८७ मध्ये भिकाऱ्याच्या वेशात बेटावर उतरला, तमिळ आणि सिंहली शिकला, रात्री घराघरांत जाऊन लोकांना धीर देत फिरला, आणि १७११ साली कॅन्डीत वारला. २०१५ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्याला संतपद दिलं. आक्कांच्या देवघरात, म्हणजे भिंतीवरच्या फळीवर, येशू आणि मारियेच्या शेजारी त्याचाही फोटो आहे. आईनं विचारलं, "हा कोण?" म्हटलं, "गोव्याचा." "मग आपल्याकडचाच की."

(जवळून: चमकदार कागद, कात्री, दोन बायकांचे हात.)

आता केक. याच्यासाठी मी कॅमेरा तासभर एकाच जागी ठेवला.

आक्कांनी तो महिनाभर आधीच करून मुरत ठेवला होता. पीठ नाही, रवा. काजू बारीक चिरलेले. अंड्यांचे पिवळे बलक इतके, की आक्कांनी आकडा सांगायला दोन्ही हातांची बोटं दोनदा उघडली. मनुका, आल्याचा मुरंबा, मध, गुलाबपाणी, ब्रँडी. आणि पांढरट, पारदर्शक, साखरेत शिजवलेले बारीक तुकडे. आईनं एक उचलून दाताखाली धरला. "हा कोहळा हाय."

कोहळाच. सिंहलीत पुहुल दोसी. दोसी म्हणजे गोड, पोर्तुगिजांच्या 'दोस'वरून, गोव्यात हरभऱ्याच्या डाळीची एक मिठाई त्याच नावाची आहे. आपल्याकडं कोहळा म्हणजे दारात टांगायचा, नाहीतर ललितापंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर फोडायचा. तिथं अंबाबाईची पालखी येते, कोहळा फुटतो आणि त्याच्या फोडीसाठी माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात. आईनं लग्नाआधी एकदा फोड मिळवली होती. ती गोष्ट तिनं आक्कांना हातवारे करून, मराठीतून, पूर्ण सांगितली. आक्कांना किती कळलं माहीत नाही. पण शेवटी त्यांनी कोहळ्याचा आणखी एक तुकडा आईच्या हातावर ठेवला.

इथं केक ताटात कापून देत नाहीत. दोन बोटं रुंद, पेराएवढ्या जाडीचे तुकडे. प्रत्येक तुकडा आधी बटरपेपरात, मग चकचकीत रंगीत कागदात. कडा दुमडून, टोकं आत खोचून. आक्का एका मिनिटात चार करत होत्या. आईनं पहिल्या दोन बिघडवल्या, तिसरीला तिच्या हाताला आठवण झाली. देवळात अंगाऱ्याची पुडी बांधतात तशी घडी तिनं घातली आणि मग ती आक्कांच्या पुढं गेली. दीडशे पुड्या झाल्या. ब्रँडीचं मी तिला सांगितलं नव्हतं, त्या पोरीनं सांगून टाकलं. आई थांबली, हातातला तुकडा बघितला. "औषधाला चालती," म्हणाली आणि तोंडात टाकला.

(रात्र. रस्त्यावर दिव्यांच्या माळा. चर्चच्या फाटकाशी बंदूकधारी जवान.)

रात्री मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, सेंट मेरीजमध्ये गेलो. १८७४ ला सुरू झालेलं आणि पुरं व्हायला पन्नासेक वर्षं लागलेलं हे चर्च, आत छतभर बायबलची चित्रं. फाटकात जवानांनी माझी कॅमेऱ्याची पिशवी उघडली, लेन्सचं झाकणसुद्धा काढून बघितलं. कुणी कुरकुर करत नव्हतं. २१ एप्रिल २०१९ ला, ईस्टरच्या सकाळी, याच गावात कटुवापिटियच्या सेंट सेबॅस्टियन चर्चमध्ये बॉम्ब फुटला. एका चर्चमध्ये शंभरावर माणसं गेली. रक्ताचे शिंतोडे उडालेला येशूचा पुतळा तिथं काचेत जपून ठेवलाय. दुसऱ्या दिवशी आक्का आम्हाला तिथं घेऊन गेल्या. मी आत चित्रीकरण केलं नाही.

मिस्सा सिंहलीत. पायऱ्यांवर, अंगणात, रस्त्यावर माणसं. लुंगी आणि इस्त्रीचा शर्ट घातलेले म्हातारे कोळी, झोपी गेलेली पोरं खांद्यावर. आईचा सगळा वेळ गोठ्याच्या देखाव्यापाशी गेला. डोंगर मातीचा, नदी चांदीच्या कागदाची, गवत पेरून उगवलेलं, मेंढरं प्लॅस्टिकची. "किल्लाच केलाय पोरांनी," ती म्हणाली. दिवाळीतला आमच्या गल्लीचा किल्ला असाच असतो, अळीवसुद्धा तसाच पेरतो आपण. फक्त आपल्या डोंगरावर महाराज बसतात.

बारा वाजले आणि फटाके फुटले. लोक एकमेकांना सांगत होते: "सुभ नत्तलक् वेवा." वेवा म्हणजे होवो. नत्तल या एका शब्दाचं मात्र कुणी भाषांतर करून द्यावं लागलं नाही.

(पहाट. खिडकीतून येणारं भोंग्यावरचं संगीत, जवळ जवळ येतंय.)

सकाळी साडेसहाला रस्त्यावर गाणं वाजलं. बेथोव्हेनची ती धून, जी जगभर खेळण्यांत आणि फोनमध्ये असते. आई अर्धवट झोपेत उठली, कोपऱ्यातला कचऱ्याचा डबा उचलला आणि जिना उतरून पळाली.

आपल्याकडं गाणं लावून येते ती घंटागाडी. इथं ती बेकरीची रिक्षा निघाली. मागं काचेचं कपाट, त्यात गरम पाव आणि बनं. तिला 'चून पान' म्हणतात, ट्यूनवाला पाव. पान म्हणजे पाव, तोच आपला पोर्तुगीज. रिक्षावाला एकदा डब्याकडं आणि एकदा आईकडं बघत राहिला. हे माझ्या कॅमेऱ्यात नाही आणि त्याचं मला आयुष्यभर वाईट वाटणार आहे.

नाश्त्याला किरिबत. नारळाच्या दुधात घट्ट शिजवलेला भात, थापून शंकरपाळ्यासारखा कापलेला. सोबत लुणुमिरिस, म्हणजे लाल मिरची, कांदा, मीठ आणि सुक्या माशाचा चुरा कुटून. आपला खर्डाच म्हणा. इथं माझ्यातला कोल्हापुरी जागा झाला. आईनं घरून कांदा-लसूण चटणी आणली होती, तिची बरणी मी टेबलावर ठेवली, "जपून घ्या, तिखट आहे" असं इंग्रजीतून सांगितलं, आणि कॅमेरा आक्कांच्या चेहऱ्यावर लावला.

आक्कांनी चमचाभर घेतली. खाल्ली. परत घेतली. हाश्शहुश्श नाही, पाणी नाही. "रसयि," म्हणाल्या, म्हणजे चवदार. त्यांच्या लेकीनं शांतपणे विचारलं, "ही लहान मुलांसाठी करता का?" जगात भारी वगैरे सगळं मी त्या दिवसापुरतं बॅगेत भरून ठेवलं. गुळानं मात्र इज्जत राखली. आमची ढेप त्यांनी हुंगून आत ठेवली आणि बदल्यात कितुलचा गूळ दिला, भेर्ली माडाच्या रसाचा, काळपट, धुरकट वासाचा.

दुपारी सगळं गाव किनाऱ्यावर. होड्या वाळूत, त्यांच्या सावलीत माणसं जेवतायत, पोरांचं क्रिकेट चाललंय, कुठंतरी स्पीकरवर बायला, म्हणजे इथली नाचायची गाणी. आई नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उभी होती. लाट आली की दोन पावलं मागं, गेली की दोन पुढं. तासभर.

(२६ डिसेंबर. भिंतीवरचं घड्याळ.)

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांनी रेडिओ लावला आणि हातातलं काम ठेवलं. ९ वाजून २५ मिनिटं. त्यांची लेक उठून उभी राहिली, म्हणून आम्हीही राहिलो. २००४ ला याच दिवशी, नाताळच्या दुसऱ्या सकाळी, सुनामी आली. पौर्णिमेची सुट्टी होती, रविवार होता. या देशात तीस हजारांवर माणसं गेली, त्यातली बहुतेक दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यावर. पेरालियजवळ अख्खी रेल्वे पाण्यानं उलटवली, तिच्यात हजारावर. दरवर्षी या वेळेला देश दोन मिनिटं थांबतो.

मी आईला हळू आवाजात एवढंच सांगितलं, "पाणी आलं होतं."

तिला पुढचं विचारावं लागलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि ती ५५ च्याही वर गेली. कुंभार गल्लीतली मावशी अंगावरच्या कपड्यांनिशी आमच्याकडं आली. गावभर पाणी आणि नळ कोरडे, कारण उपसा केंद्रंच बुडाली होती. टँकरच्या रांगेत आई रोज उभी राहायची. बादली घेऊन.

दोन मिनिटं रस्त्यावर कसलाही आवाज नव्हता. चून पानवाल्यानं रिक्षा फाटकासमोर थांबवून भोंगा बंद केला होता. मग तो परत सुरू झाला, धून जिथं तुटली होती तिथूनच. आईनं डोळे पुसले, कनवटीचे पैसे काढले आणि या वेळी डबा न घेता जिना उतरली.

"दोन पान," तिनं बोटं दाखवली. "गरम बघून दे, बाळा."